एका वाक्याची दुरुस्ती: आयर्लंडच्या सेनेटमधले एक प्रकरण

ऑक्टोबर 2015 मध्ये आयर्लंडच्या सेनेटमध्ये बालसंरक्षणाच्या एका सरकारी विधेयकावर चर्चा चालू होती. जिलियन व्हॅन टर्नहाउट या अपक्ष सेनेटरने त्यात एक दुरुस्ती मांडली. दुरुस्तीचा गाभा एका ओळीचा होता: ‘वाजवी शिक्षा’ हा कॉमन लॉमधला (कोर्टांच्या निकालांतून घडलेल्या इंग्रजी कायदेपरंपरेतला) बचाव रद्द करण्यात येत आहे. सरकारने ती स्वीकारली. 11 डिसेंबर उजाडला तेव्हा मुलाला मारून ‘मी आईबाप म्हणून वाजवी शिक्षा केली’ असे कोर्टात म्हणण्याची सोय आयर्लंडमध्ये उरली नव्हती.

पाठीशी पक्ष नाही, मंत्रिपद नाही, मतदारसंघसुद्धा नाही, अशा सदस्याला हे कसे साधले आणि त्यात काय निसटले, हे या प्रकरणात पाहायचे आहे. लोकप्रतिनिधींची नावे सार्वजनिक नोंदीतली आहेत. कोणत्याही मुलाची किंवा कुटुंबाची हकीकत इथे घेतलेली नाही.

पार्श्वभूमी: सभागृह

आयर्लंडच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह म्हणजे शॅनड, सोयीसाठी सेनेट. सदस्य 60. त्यातले 43 वेगवेगळ्या व्यवसायगटांच्या यादीतून येतात आणि त्यांना निवडून देणारे बहुतेक मतदार नगरसेवक व खासदार असतात. 6 जणांना विद्यापीठांचे पदवीधर निवडतात आणि 11 जणांना पंतप्रधान थेट नेमतात. आपल्या विधान परिषदेतले पदवीधर मतदारसंघ आणि राज्यपालनियुक्त आमदार ज्यांना माहीत आहेत त्यांना हा साचा परका वाटणार नाही. राज्यसभेवर 12 सदस्य नेमण्याची तरतूद आपल्या घटनाकारांनी आयरिश राज्यघटनेवरूनच घेतली.

सेनेटची ताकद मर्यादित. साधे विधेयक ते फार तर 90 दिवस लांबवू शकते. अर्थविधेयकासाठी 21 दिवस मिळतात आणि त्यावर फक्त शिफारशी करता येतात. तिजोरीवर भार टाकणारी दुरुस्ती सदस्याने मांडली तर ती नियमबाह्य ठरते. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा, पुढे तो दोनदा कामाला येतो.

या सभागृहाचे अस्तित्वच धोक्यात आले होते. पंतप्रधान एन्डा केनी यांना सेनेट बरखास्त करायचे होते. 4 ऑक्टोबर 2013 च्या सार्वमतात 51.7 टक्के लोकांनी ‘राहू द्या’ म्हटले म्हणून ते वाचले. गंमत अशी, की व्हॅन टर्नहाउट यांना 2011 मध्ये सेनेटवर नेमले होते ते याच केनींनी. त्याआधी त्या बालहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या आघाडीच्या प्रमुख होत्या. विषय कोणता आहे आणि सरकारी खात्यात त्याची फाइल कुठे अडते, हे त्यांना सेनेटमध्ये येण्याआधीपासून माहीत होते.

पार्श्वभूमी: छडी

1860 मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टबोर्न इथे एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याला जीव जाईपर्यंत मारले. शिक्षक दोषी ठरला. पण निकाल देताना न्यायाधीशाने नियम सांगून ठेवला, की आईबाप किंवा त्यांच्या वतीने शिक्षक मुलाला ‘माफक आणि वाजवी’ शारीरिक शिक्षा करू शकतात. ज्या खटल्यात मूल मेले, त्याच खटल्यातून मारण्याच्या हक्काची व्याख्या निघाली आणि इंग्रजी कॉमन लॉ जिथे जिथे गेला तिथे तिथे ती गेली. आपल्याकडे त्याच साली झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 89 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण दिले गेले. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये आहे.

आयर्लंडमध्ये शाळेतली छडी आधी गेली. 1950 च्या दशकात ओवेन शीही-स्केफिंग्टन हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे सेनेटर याच सभागृहात शाळेतल्या मारहाणीविरुद्ध बोलत राहिले. शाळा चर्चच्या ताब्यात, मंत्री ऐकायला तयार नाहीत, अशा काळात ते जवळजवळ एकटे होते. 1970 मध्ये ते वारले. सरकारी नियमाने शाळेतली छडी बंद झाली ती 1982 मध्ये, आणि शिक्षकांचे कायदेशीर संरक्षण गेले हल्ल्याच्या गुन्ह्यांविषयीच्या 1997 च्या कायद्याच्या कलम 24 ने. आईबापांचा बचाव मात्र तसाच राहिला. तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. कोर्टाच्या परंपरेत होता, त्यामुळे खोडायला कागदावर ओळही नव्हती.

पेच

शेजाऱ्याच्या थोबाडीत मारली तर तो हल्ला. आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली तर तोही हल्लाच. पण खटला उभा राहिला की आरोपी म्हणू शकत होता, ‘ही वाजवी शिक्षा होती’. मग कोर्टाने पाहायचे, की मार किती जोराचा होता, कशाने मारले, मुलाचे वय काय. म्हणजे हल्ल्यापासून सर्वांत कमी संरक्षण होते ते घरातल्या सर्वांत लहान माणसाला.

बाहेरून दबाव येत होता. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 1998 आणि 2006 अशी दोनदा बंदीची शिफारस केली होती. युरोपीय सामाजिक सनदेच्या कलम 17 चा भंग होतो, असा निष्कर्ष या सनदेवर देखरेख करणाऱ्या युरोपीय समितीने आधी एका तक्रारीवर काढला होता. दुसऱ्या तक्रारीवरचा तसाच निर्णय मे 2015 मध्ये जाहीर झाला. एकामागून एक सरकारांचे धोरण साधारण एकच राहिले: अतिरेकी मारहाण आधीच गुन्हा आहे आणि बाकीचे काम पालकांच्या प्रबोधनाने व्हावे.

सरकार का कचरत होते हे समजून घ्यायला हवे. आयरिश राज्यघटनेत कुटुंबाला मोठे स्थान आहे आणि ‘सरकार घरात घुसतेय’ ही हाक तिथे मते फिरवू शकते. लाकडी चमच्याने मार खाल्लेली पिढी संसदेत बसलेली होती. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हा युक्तिवाद आकडेवारीने हरत नाही. कारण तो पुरावा म्हणून केलेलाच नसतो. त्यात आपल्या आईवडिलांचा बचाव असतो. बंदी मागणाऱ्याने हे ओळखले नाही, तर समोरच्याला वाटते, हा माझ्या आईला गुन्हेगार म्हणतोय.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भाषणे करत राहण्याचा. सेनेटच्या रोजच्या कामकाजात सदस्य उठून विषय काढू शकतो, मंत्र्याला उत्तरासाठी बोलावू शकतो. नोंद होते, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. शीही-स्केफिंग्टन यांच्याकडे बहुतांशी एवढेच हत्यार होते. ते वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण वर्षे किती गेली ते वर आलेच आहे.

दुसरा पर्याय स्वतःच्या खासगी विधेयकाचा. व्हॅन टर्नहाउट यांना त्याचा ताजा अनुभव होता. गाडीत मूल असताना धूम्रपानाला बंदी घालणारे विधेयक त्यांनी, कर्करोगतज्ज्ञ सेनेटर जॉन क्राउन आणि मार्क डॅली यांनी मिळून 2012 मध्ये आणले. सरकारचा तत्त्वतः विरोध नव्हता. तरी खात्याची तपासणी, महान्यायवादींचे मत, फेरमसुदा असे करत कायदा व्हायला डिसेंबर 2014 उजाडला आणि अंमल 1 जानेवारी 2016 पासून सुरू झाला. सगळे अनुकूल असताना ही गती. घरातल्या माराच्या विषयावर स्वतंत्र विधेयक आले असते तर आधी वाद, मग समिती, मग निवडणूक आणि विधेयक गारद.

न्यूझीलंडचे उदाहरण समोर होते. तिथे 2007 मध्ये एका खासदाराच्या विधेयकाने असाच बचाव काढला गेला. देश ढवळून निघाला. 2009 च्या सार्वमतात 87 टक्के मते बंदीविरुद्ध पडली. ते सार्वमत बंधनकारक नव्हते आणि कायदा टिकला, पण राजकारण्यांनी त्यातून धडा घेतला तो टिकण्याचा नव्हे, 87 टक्क्यांचा.

तिसरा पर्याय कोर्टाची किंवा युरोपची वाट पाहण्याचा. युरोपीय समितीचा निर्णय नैतिक वजनाचा असतो, पण तो आपोआप कायदा बदलत नाही. पहिल्या तक्रारीनंतर एक दशक तसेच गेले होते.

चौथा पर्याय म्हणजे ज्या सरकारी विधेयकाला पर्याय नाही, त्यात आपले वाक्य बसवणे.

काय केले

असे विधेयक समोर होते. 2009 च्या रायन अहवालाने चर्चच्या संस्थांमधला मुलांचा छळ उघड केल्यावर सरकारने शब्द दिला होता, की बालसंरक्षणाच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ देऊ. त्यातून 2014 मध्ये ‘चिल्ड्रन फर्स्ट’ विधेयक आले. संशयित अत्याचार कळवणे डॉक्टर, शिक्षक वगैरेंवर त्याने बंधनकारक होणार होते. हे विधेयक पाडण्याची कोणाचीही छाती नव्हती. कनिष्ठ सभागृहातून मंजूर होऊन ते सेनेटकडे आले.

वेळेचे गणित इथे फार महत्त्वाचे. मुलांच्या हक्कांची घटनादुरुस्ती नोव्हेंबर 2012 च्या सार्वमतात 58 टक्क्यांनी संमत झाली होती, पण कोर्टातल्या आव्हानामुळे ती घटनेत दाखल व्हायला एप्रिल 2015 उजाडला. लगेच मे महिन्यात युरोपचा निर्णय जाहीर झाला. जानेवारी 2016 मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे आयर्लंडची सुनावणी होणार होती. पाठोपाठ निवडणूक दिसत होती. एप्रिलच्या आधी हीच दुरुस्ती आली असती तर ‘घटनेचा प्रश्न प्रलंबित आहे’ हे उत्तर तयार होते. निवडणुकीनंतर व्हॅन टर्नहाउट स्वतः सभागृहात असतील याची खात्री नव्हती. खिडकी उघडी होती ती काही महिन्यांची.

मसुद्यातला निर्णय त्याहून नाजूक होता. ‘मुलांना मारण्यास बंदी’ असे लिहिता आले असते. मग मारणे म्हणजे काय, रस्त्यात धावणाऱ्या मुलाचा दंड धरून खेचणे त्यात येते का, शिक्षा किती, असे पन्नास प्रश्न उभे राहिले असते. दुरुस्तीने यातले काहीच केले नाही. नवा गुन्हा नाही, नवी शिक्षा नाही, नवी व्याख्या नाही. हल्ल्याचा कायदा होता तसाच ठेवला आणि फक्त एका गटाला मिळालेली सूट काढली. 1997 च्या कायद्यात शिक्षकांच्या कलम 24 ला लागूनच नवे कलम बसले: शिक्षकांची सूट आधीच गेली होती, आता आईबापांची. अंमल सुरू होण्याआधीच्या कृत्यांना नवा नियम लागू नाही, हेही त्यात स्पष्ट केले. मागच्या पिढीला कोर्टात खेचले जाईल ही भीती त्यामुळे निघाली.

आणि तिजोरीचा नियम. या दुरुस्तीला दमडीचा खर्च नव्हता. त्यामुळे ती नियमबाह्य ठरवण्याची वाट बंद होती.

युक्तिवादातही एक हुशारी होती. हा बचाव आयरिश नाही, इंग्लंडहून आलेला आहे, असे त्यांनी मांडले. ब्रिटिश वारसा फेकून द्या, हे आयरिश सभागृहात सांगितले की विरोध करणाऱ्याची अडचण होते. ज्या परंपरेचा अभिमान बाळगून विरोध करायचा, ती परंपराच परक्याची निघते! मला हा या प्रकरणातला सर्वांत चाणाक्ष डाव वाटतो, आणि तो ऐतिहासिकदृष्ट्या खराही आहे.

मंत्री जेम्स रायली पेशाने डॉक्टर. त्यांनी दुरुस्तीला विरोध न करता सरकारच्या वतीने ती स्वीकारली. त्यांच्यासमोरचा हिशेबही साधा नव्हता. नाही म्हणायचे तर मुलांच्या संरक्षणाच्या विधेयकावर उभे राहून मुलांना मारण्याच्या सवलतीचे समर्थन करायचे, आणि तीन महिन्यांनी जिनिव्हाला जाऊन त्याचे उत्तर द्यायचे. हो म्हणायचे तर निवडणुकीच्या तोंडावर पालकांच्या रागाची जोखीम. सेनेटमध्ये बदल झाल्यामुळे विधेयक पुन्हा कनिष्ठ सभागृहात जाणार होते, म्हणजे तिथेही हाच प्रश्न निघू शकत होता. प्रत्यक्षात तिथे ते अडले नाही.

निष्पत्ती

19 नोव्हेंबर 2015 ला कायद्यावर सही झाली आणि 11 डिसेंबरला हे कलम लागू झाले. ऑक्टोबर ते डिसेंबर, दोन महिन्यांच्या आत. गाडीतल्या धूम्रपानाच्या विधेयकाचा प्रवास आठवा.

आणखी एक विरोधाभास. ज्या मूळ विधेयकात ही दुरुस्ती बसवली, त्याचा मुख्य भाग, म्हणजे अत्याचार कळवण्याची सक्ती, यंत्रणा तयार नव्हती म्हणून 11 डिसेंबर 2017 ला लागू झाला. बरोबर दोन वर्षे उशिरा. पाहुण्याचे पान आधी वाढले गेले, कारण त्याला काही शिजवावे लागत नव्हते.

न्यूझीलंडसारखे वादळ आयर्लंडमध्ये उठले नाही. स्कॉटलंडने नोव्हेंबर 2020 पासून आणि वेल्सने मार्च 2022 पासून हाच बचाव काढला. इंग्लंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो अजून आहे. म्हणजे आयर्लंडमधल्या डंडॉकहून गाडीने सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला निघालेल्या कुटुंबाला अर्ध्या तासाच्या आत दुसरा कायदा लागतो.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणाचे कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते. वाद झाला नाही, याचाच दुसरा अर्थ लोकांना फारसे कळले नाही. जो कायदा लोकांचे घरातले वागणे बदलायला केला, तो मोठ्या विधेयकाच्या पोटातून आला तर पालकांपर्यंत कसा पोचणार? स्वीडनने 1979 मध्ये जगात पहिल्यांदा बंदी घातली तेव्हा सरकारने घरोघरी पत्रके पाठवली आणि दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली. नाश्त्याच्या टेबलावर मूल आणि आईबाप दोघेही तीच ओळ वाचत होते. वेल्सने कायदा संमत करून अंमलाआधी दोन वर्षे ठेवली, जाहिराती केल्या, आणि खटल्याऐवजी पालकांना मार्गदर्शन घेण्याची वाट पैसे देऊन उभी केली. आयर्लंडमध्ये सही आणि अंमल यांत तीन आठवडे होते.

दोष सेनेटरच्या माथी मारणे मला पटत नाही. प्रबोधनासाठी निधी द्या असे दुरुस्तीत लिहिले असते तर तिजोरीच्या नियमाने ती त्याच क्षणी बाद झाली असती. जे कलम फुकट होते म्हणून मंजूर झाले, त्याच्यासोबत पैसा येणार नव्हताच. पण दुरुस्ती स्वीकारताना मंत्र्याकडून सभागृहात एक आश्वासन घेऊन ते ठामपणे नोंदवता आले असते: अमुक मुदतीत पालकांसाठी मोहीम, पोलीस आणि समाजसेवकांसाठी लेखी सूचना, आणि काही वर्षांनी फेरआढावा. ज्या क्षणी सरकार ‘हो’ म्हणण्याच्या मनःस्थितीत असते, त्या क्षणी दुसरी मागणी पुढे करायला हवी. नंतर तोच मंत्री त्या खात्यात राहत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये निवडणूक झाली आणि त्यानंतर सेनेटही नव्याने बनले. व्हॅन टर्नहाउट त्यात नव्हत्या. पाठपुरावा करणारे मूळ माणूसच सभागृहाबाहेर गेले. नियुक्त सदस्याची हीच मेख आहे: मतदारांना उत्तर द्यायचे नसते म्हणून अप्रिय विषय धरता येतो, आणि मतदार नसतात म्हणून परत येण्याचा रस्ताही हातात नसतो. त्यामुळे अशा सदस्याने कायदा संमत होण्याआधीच आपला वारसदार, म्हणजे पक्षातला एखादा टिकाऊ सदस्य, विषयाला बांधून ठेवायला हवा.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. बंदीच्या दिवशी आयर्लंडमध्ये किती पालक मुलांना मारत होते याची पायारेषा आखून दर काही वर्षांनी तेच सर्वेक्षण करण्याची तरतूद या कलमासोबत नव्हती. आकडे नसतील तर ‘कायद्याने फरक पडला’ आणि ‘कायद्याने काही झाले नाही’ ही दोन्ही वाक्ये सारख्याच आत्मविश्वासाने बोलता येतात.

आपल्याकडे कुणी हा नमुना उचलू पाहील, तर एक भेद आधी लक्षात घ्यावा लागेल. आयर्लंडमध्ये खोडायचा होता तो न लिहिलेला बचाव, म्हणून एक वाक्य पुरले. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली आहे, पण न्याय संहितेचे कलम 27 छापील आहे. शिवाय ते फक्त मारण्यापुरते नाही. मुलावरच्या शस्त्रक्रियेला पालकाने दिलेली संमतीही त्याच कलमात बसते. ते सरसकट काढता येणार नाही. त्यात अपवाद लिहावा लागेल, आणि अपवाद लिहायचा म्हटले की व्याख्येचे ते पन्नास प्रश्न पुन्हा दारात येतात.